वजनकाटा

आमच्या धाड गावच्या बाजारात भाजीवालीचा वजनकाटा टुंकन वाजला, की मले दवाखान्यातला काटा आठवते. बायकोच्या पायात मुंग्या आल्या आन् दोन दिवसांत तिले उभं राहता येईना, म्हणून बुलढाण्याले नेली होती. डॉक्टर म्हणाले, हिचं शरीरच हिच्या नसा खाऊन राह्यलं. महागाची इंजेक्शनं लागतील, आन् किती बाटल्या लागतील ते वजनावर. दोन नर्सबायांनी धरून तिले काट्यावर उभं केलं. बेचाळीस किलो. ती हसली, "मी काय तुरीचं पोतं हाय? बरं झालं वाळकी हाय, तुमचे पैसे वाचले." आकडा लाखांतला निघाला. पैसे नव्हते असं नाही, पण पहिल्याच दुकानात माल घेणारा मी नव्हतो. मशीननं रक्त साफ करणं स्वस्त पडते, असं ऐकलं होतं. "बाबा, आजच चालू करा," डॉक्टर म्हणाले. "भाव पाहून येतो," म्हणलं आन् अकोल्याले गेलो. दुसऱ्या दिवशी सांजेले तीन दवाखान्यांचे भाव कागदावर लिहून आणले. तवर तिचा श्वास अडकला होता, तोंडात नळी होती. सगळ्यात स्वस्त कोणता, ते मी बोट ठेवून तिले दाखवलं.  दवाखान्यात आणल्यापासून पाचव्या दिवशी ती गेली. आता भाजीवाली इचारते, "बाबा, तुमी भाव काऊन करत नाही?" ती सांगते तेवढे पैसे मी तिच्या हातावर ठेवतो.