बाईंच्या लेकीची दाढ

दातवाल्या बाईंचा हात जेवढा हलका, तेवढीच जीभ तिखट. पोराची किडलेली दाढ दाखवायला आलेली एखादी आई 'दुधाचीच ना, पडेल की' म्हणाली, की संपलंच! "अहो, ही कायमची दाढ! सहाव्या वर्षी मागच्या मागे गुपचूप येते. डोळे कुठे असतात तुमचे?" वर घरी जेवताना त्याच आईची नक्कल. नवरा हसायचा, आठ वर्षांची लेक हसायची, आणि बाई तर पोट धरधरून हसायच्या.

एक दिवस लेक हसली नाही. घास एकाच गालात घोळवत बसली. बाईंनी तिचं तोंड उघडून पाहिलं. खालची कायमची दाढ आतून पार पोखरलेली! दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

"कधीपासून दुखतंय गं?"

"खूप दिवस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू माझी पण नक्कल केली असतीस."

बाईंनी आपलं ताट बाजूला सारलं.

सकाळी लेक त्यांच्याच खुर्चीत बसली. बाईंनी दाढ बधिर केली, कीड कोरून काढली. आतला जिवंत गर सुजून लालभडक झालेला. वरचा सुजलेला भाग काढून त्यांनी ओला कापूस दाबून धरला. रक्त थांबलं तर खालचा गर धड आहे, दाढ जगेल. नाही थांबलं तर गर गेला, आणि अर्धी वाढलेली मुळं जन्मभर कच्चीच राहणार.

कापूस उचलला. रक्त येतच होतं. पुन्हा दाबला. लेकीने त्यांच्या कोटाचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

दुसऱ्यांदा उचलला, तर रक्त थांबलेलं!

"वाचली गं बाई!" म्हणत त्यांनी औषध भरलं, दाढ पक्की बंद केली आणि मग लेकीला कुशीत घेऊन ढसाढसा रडल्या.

बाहेर एक आई मुलाला घेऊन थांबली होती. आत येता येता म्हणाली, "दुधाचीच असेल ना हो?"

बाईंची मदतनीस मुलगी हसू दाबायला तोंडावर हात धरून तयारच होती.

"बसा," बाई म्हणाल्या, "माझ्याही लेकीची अशीच बघायची राहून गेली होती."