कंटेनरमध्ये मरणाऱ्या टेस्ट

"माझ्या लॅपटॉपवर तर चालून राहिल्या, ताई," ती नवी पोरगी परत म्हणाली आणि माझं डोकं सणकलं. अवं, तुझ्या लॅपटॉपवर चालतात ते मलेही दिसते! कंटेनरमध्ये काहून मरून राहिल्या, ते सांग ना!

शुक्रवार होता, मे महिना, आणि तिचं प्रोबेशन संपत होतं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "मॅडम, आज तिच्या टेस्ट चालल्या नाहीत तर सोमवारपासून येऊ नको म्हणा तिला. तुम्हीच सांगा." मीच सांगायचं, म्हणे! नोकरी घेणार हे, आणि वाईटपणा येणार माझ्यावर.

आमचं सॉफ्टवेअर एका दवाखान्याच्या मुलांच्या वॉर्डासाठी होतं. लेकराचं वजन टाकलं की औषधाचा डोस पडद्यावर यायचा. तो बरोबर येतो का, हे आपोआप तपासणाऱ्या टेस्ट तिनं लिहिल्या होत्या. कंटेनर म्हणजे सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं सामान भरलेला बंद डबा. तो कोणत्याही मशीनवर तसाच चालावा, एवढंच त्याचं काम. तर आमच्या ऑफिसच्या मशीनवर त्या डब्यात तिच्या टेस्ट सुरू व्हायच्या आणि मध्येच थांबायच्या. शेवटी फक्त एक शब्द यायचा: किल्ड. कोणी मारलं, कशासाठी मारलं, काही पत्ता नाही.

मी तिचा कोड ओळ न् ओळ वाचला. ब्राउझर बदलून पाहिला, डबा नव्यानं बांधून पाहिला. दर वेळी बिल्ड, म्हणजे डबा बांधून टेस्ट चालवणं, होईपर्यंत आम्ही दोघी पडद्याकडे डोळे लावून बसायचो आणि दर वेळी तोच मेला शब्द. सर दोनदा डोकावून गेले. "होऊन राहिलं सर," मी सांगितलं. काही होत नव्हतं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तिच्याकडे पाहायची माझी हिंमत होत नव्हती.

दुपारी कूलरचं पाणी संपलं. गरम वारा अंगावर आला तसं मला एकदम मशीनचं आठवलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते तापून बंद पडत होतं, म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवून प्रत्येक कंटेनरला मिळणाऱ्या मेमरीवर मर्यादा घातली होती. जुन्या टेस्ट हलक्या होत्या, त्या निभावल्या. हिच्या टेस्ट अख्खा ब्राउझर उघडतात. मेमरी संपली की मशीन गुपचूप टेस्टचा गळा दाबतं.

"हात्तिच्या! तुझं काही चुकलंच नाही वं!" मी ओरडलेच. मर्यादा वाढवली, मशीन तापू नये म्हणून टेबलफॅन त्याच्याकडे फिरवला आणि बिल्ड लावलं.

टेस्ट चालल्या. एकेक करून हिरव्या, म्हणजे पास, होत गेल्या. आणि शेवटून दुसरी लाल झाली.

मला वाटलं, हिचंच काही चुकलं. पण वाचलं तर टेस्ट बरोबर होती. लेकराचं वजन चुकून जास्त टाकलं आणि मग दुरुस्त केलं, तरी पडद्यावर डोस जुन्या, जास्त वजनाचाच राहत होता. तो भाग खुद्द सरांनी लिहिला होता.

"ताई," ती अगदी हळू म्हणाली, "ही एक टेस्ट काढून टाकू का? बाकीच्या तर पास आहेत. सरच ठरवणार आहेत ना माझं."

मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त तिला असं बोलायची वेळ आणणाऱ्या आमचा सगळ्यांचा आला. "खबरदार हात लावशील तर! लेकरांच्या औषधाची गोष्ट आहे."

तेवढ्यात सर मागे येऊन उभे राहिले. "झालं का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगणारच होते, पण तीच बोलली. "सर, वजन बदललं तरी डोस बदलून नाही राहिला. चूक तुमच्या भागात आहे."

सरांनी टेस्ट पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा लाल. ते खुर्ची ओढून बसले, दवाखान्याला फोन करून "सॉफ्टवेअर आज देता येत नाही" म्हणाले आणि बराच वेळ स्वतःचा कोड वाचत राहिले.

"मी दुरुस्त करतो," शेवटी म्हणाले. "पण टेस्ट तूच चालवायची."

"सर, सावनेरची बस जाईल माझी."

"मग सोमवारी चालव."

ती "हौ सर" म्हणाली आणि तिथंच, सरांसमोर, ढसाढसा रडायला लागली.