चार बोटं दाराकडे

आमच्या धातूंच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे गिरणीवाले काका म्हणायचे. त्यांची गिरणी पिठाची नव्हती. पोलादी डब्यात लोखंडाची आणि तांब्याची पूड घालायची, वर पोलादी गोळ्या टाकायच्या आणि डबा चाळीस तास गरगरा फिरवायचा. लोखंड आणि तांबं एकत्र वितळवलं तरी गार होताना वेगळं होतं. कुटून कुटून मात्र दोघांचा एकजीव मिश्रधातू होतो. "मारूनमुटकून लावलेलं लग्न आहे ताई हे," काका म्हणायचे, "जरा ऊन लागलं की मोडणार."

किती उष्णतेला मोडतं, हेच माझ्या पीएचडीचं काम. इतरांचं मिश्रण पावणेचारशे अंशांच्या आसपास फुटत होतं. माझं पावणेपाचशेलाही शाबूत! मला आभाळ ठेंगणं झालं होतं. शोधनिबंध लिहून तयार होता, पाठवायचा तेवढा बाकी.

काका त्या खोलीत तीस वर्षं होते. फिरवून झालेला डबा पुरता निवेपर्यंत ते कुणाला हात लावू देत नसत, कारण इतकी बारीक पूड हवा लागताच पेट घेऊ शकते. मला कायम घाई, त्यामुळे आमचं रोज वाजायचं. "पूड तुमची आहे, कबूल," ते म्हणायचे, "पण भुवयाही तुमच्याच आहेत."

खरं नाजूक काम भट्टीचं. काचेच्या नळीत बंद केलेला नमुना तासभर भट्टीच्या बरोबर मधोमध ठेवायचा आणि मग लांब आकड्याने झटकन ओढून पाण्यात टाकायचा. वहीत दोन सह्या लागत. एक ठेवणाऱ्याची, दुसरी आत डोकावून जागा तपासणाऱ्याची. तपासणारी मी. खरं सांगायचं तर मी एकदाही डोकावले नाही. शनिवारी यायचे आणि आठवड्याच्या सह्या एकदम ठोकून जायचे.

लेकीच्या बाळंतपणासाठी काका आठ दिवस रजेवर गेले, म्हणून मी स्वतः भट्टी लावली. पावणेपाचशे अंश, तासभर. क्ष-किरणांखाली पाहिलं तर लोखंड एकीकडे, तांबं एकीकडे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

काका परत आले तेव्हा त्यांनी जेवणाचा डबा खाली ठेवायच्या आत मी तुटून पडले. "पूड बदललीत का तुम्ही?"

"पूड तीच आहे," ते म्हणाले. "जागा ती नव्हती."

त्यांनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता. वर्ष झालं होतं म्हणे. सकाळी शर्टाची बटणंही काकूच लावून देत. मधोमधून ओढताना आकडा भिंतीला लागून दोन नळ्या फुटल्या, तेव्हापासून ते नमुना चार बोटं दाराकडे ठेवू लागले. दारापाशी भट्टी गार असते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

"थोडाच फरक पडेल असं वाटलं. आणि हात हलतो म्हटलं तर भट्टी काढून घेतील. निवृत्तीला सात महिने राहिलेत हो."

"आणि माझी चार वर्षं?" मी ओरडलेच. आजही त्या ओरडण्याची मला लाज वाटत नाही. लाज आहे ती पुढच्याची.

काका म्हणाले, "तुमच्या गाईडसरांना मीच सांगतो."

आधी आम्ही दोघांनी त्या जागेचं तापमान मोजलं. भट्टीबाहेरचा तापमापक पावणेपाचशे दाखवत होता, तिथे जेमतेम साडेतीनशे. म्हणजे माझं मिश्रण चारचौघांसारखंच होतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि वही उघडली. "तपासल्याच्या सह्या हिच्या आहेत. बावीस. काय गं, आत पाहिलं होतंस?"

न पाहता सही म्हणजे पदवीवर पाणी, हे मला माहीत होतं.

"पाहिलं होतं त्यांनी," काका म्हणाले. "नमुना मधोमधच असायचा. त्या वळल्या की मी दाराकडे ओढायचो."

"असं?" सरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली.

त्याच दुपारी काकांकडून भट्टीच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि त्यांना सामानाच्या कोठारात बसवलं. हात थरथरणारा म्हातारा म्हणून नाही, तर विद्यार्थिनीच्या पाठीमागे नमुने हलवणारा लबाड म्हणून. मला सहा महिने जास्त लागले, पण साध्यासुध्या निष्कर्षावर पदवी मिळाली. पुढच्याच महिन्यात काका निवृत्त झाले. निरोपाचा चहासुद्धा कुणी ठेवला नाही. मीही नाही.