माळावरच्या देवीची पहिली नजर

आशाबाईला स्वप्न एकच पडायचं. तिच्या तळहातावर चांदीचे दोन डोळे. चेहरा नाही, कपाळ नाही, नुसते डोळे, आणि ते टक लावून तिच्याकडेच बघताहेत. जाग आली की मूठ गच्च आवळलेली असायची.

डोळे ओळखीचे होते. वारंगा फाट्यापासून आत गेलं की माळावर देवी आहे, म्हणजे शेंदराची शिळा. दरवर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी जुना शेंदूर खरवडायचा, नवा लेप द्यायचा आणि डबीत जपलेले डोळे मेणाने पुन्हा बसवायचे, हे गुरवाघरचं काम. ते पडद्याआड होतं. डोळे बसले की त्यांवर फडकं टाकतात आणि समोर आरसा धरल्यावरच ते काढतात. देवीची पहिली नजर जहाल. ती माणसावर पडू नये, आरशावर पडावी.

आशाबाईचा नवरा रामकिशन गुरव शेवटची काही वर्षं थरथरत्या हातांनी पडद्याआड नुसता बसून असायचा. डोळे बसवायची ती आशाबाईच. गावाला हे ठाऊक होतं आणि गाव गप्प होतं, कारण तिच्या कपाळावर कुंकू होतं. गेल्या साली रामकिशन गेला आणि गावाला एकदम धर्म आठवला.

स्वप्नाची गोष्ट तिने हळदीत निंदताना शेजारच्या गंगूताईला सांगितली, तिथेच चुकलं. गंगूताई मनाने चांगली, पण तिच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी रामकिशनचा चुलतभाऊ उद्धव दारात हजर. फाट्यावर त्याचं टायरचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर बाबालोक ऐकायचे, आणि गिऱ्हाईक फारसं नसायचंच.

“वहिनी, धडावाचून डोळे दिसणं बराबर न्हाई,” तो म्हणाला. “देवीनं तुमच्यावरची नजर काढून घेतली, असा अर्थ हाय. मोबाईलवर बाबा बराबर हेच सांगून राहिला. औंदा डोळे मी बसवतो. डबी द्या.”

डबी तिने दिली नाही. पण घाबरली, हे खरं. हात लावला आणि गावावर काही आलं तर? उद्या कुणाची म्हैस आटली तरी नाव आशाबाईचंच निघणार. रोज सकाळी देवीपुढे झाडणारी ही बाई माळावर फिरकेनाशी झाली. घरात बसून स्वतःच्याच हातांकडे चोरून बघायची.

स्वप्न मात्र चुकत नव्हतं. एका पहाटे मूठ सोडवताना तिला संताप आला, उद्धवचा नव्हे, स्वतःचा. नजर काढून घ्यायची असती तर डोळे दिसलेच नसते. हे तर रोज येतात, तिच्याच हातावर बसतात, तिच्याकडेच बघतात. त्याचा अर्थ बाबाला कशाला विचारायचा? ज्याच्या हातावर ठेवले, त्याने ते जागेवर बसवायचे.

घट बसायच्या आदल्या दिवशी माळावर गाव जमलं. उद्धव धुतलेलं धोतर नेसून, आरसा घेऊन तयार होता. आशाबाई डबी घेऊन आली ती थेट देवीपाशी गेली.

“वहिनी, मागं व्हा. इधवेच्या हातानं काही वंगाळ झालं तर कोन जबाबदार?”

“मी.”

“काहून हट्ट करून राहिल्या?”

“डोळे माझ्या हातावर येऊन राहिले, भाऊजी. तुमच्या मोबाईलवर न्हाई.”

मागे कुणीतरी हसलं. पण पडदा धरायला कोणी पुढे येईना. शेवटी गंगूताई आली, पडद्याचं एक टोक खुंटीला अडकवलं आणि दुसरं स्वतः धरलं. तोंड आवरलं नव्हतं, निदान हात तरी दिला.

आशाबाईने लेप दिला. बोटांत मेण मऊ केलं. एक डोळा बसवला, मग दुसरा, आणि वर फडकं टाकलं. पडद्याबाहेर हात काढून तिने आरसा मागितला.

उद्धवने आरसा छातीशी धरला. आरशावाचून बाईची छाती होणार नाही, असा त्याचा अंदाज होता. आशाबाई हात तसाच पुढे करून थांबली. मग तिने तो मागे घेतला आणि देवीसमोर, आरशाच्या जागी, मांडी घातली.

“आई, तुझी पहिली नजर माझ्यावर पडू दे,” ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “काय व्हायचं ते मला होऊ दे. गावावर काही नको.”

आणि फडकं ओढलं.

तिने पापणी लवू दिली नाही. नजर तीच होती, स्वप्नातली. इतके दिवस या नजरेला आपण भ्यालो, याचीच तिला लाज वाटली, आणि मग रामकिशन गेल्यापासून पहिल्यांदा ती पोटभर रडली. डोळे मात्र खाली केले नाहीत.

“पडदा सोडा, गंगूताई.”

पडदा पडला. आरशाच्या जागी बसलेली बाई गावाला दिसली. उद्धव पुढे आला, आरसा देवीसमोर टेकवू लागला.

“ऱ्हाऊ द्या भाऊजी,” आशाबाई जागची न हलता म्हणाली. “आरसा घरी घेऊन जा. हितं आता लागत न्हाई.”