एकाच वाडग्यातलं जेवण

आमचा धंदा पटवेकऱ्याचा. रेशमाचा धागा पिळायचा, रंगवायचा, गोंडे आणि करदोडे गुंफायचे. बुधवार पेठेत थोरल्या भावाची आणि माझी एकच ओसरी होती, तिथं दिवसभर काम चाले. चांगलं रेशीम चीनहून यायचं. मुंबई बंदरात उतरून घाट चढून पुण्याला. पण पुढं पुढं असं होऊ लागलं की गाठोड्याचा वरचा थर लोण्यासारखा आणि आत भरड, गाठाळ माल. सरदारांच्या घरून आमची कामं परत येऊ लागली. आम्ही ज्याच्याकडून माल घ्यायचो तो मुंबईचा पारशी शेट एकदा म्हणाला, "माझं जहाज चीनला जातंय. तुझ्या बोटांना रेशीम कळतं. चल, तूच निवडून घे."

भाऊ म्हणाला, "समुद्र ओलांडलास तर पंगतीला कोण बसवेल तुला?"

"धंदाच बसला तर पंगत कुठली, दादा?"

मी गेलो.

बरोबर पोहे, मेतकूट, तांदूळ नेले होते. चीनच्या बंदरात पोचल्यावरही मी वखारीच्या मागं तीन दगडांची चूल मांडून माझा भात मीच शिजवायचो. तिथलं खाणं लांबून बघायचो. बंदरावरचे लोक पानात बांधून उकडलेला चिकट भात खायचे, बदकं दोरीवर वाळत टाकायचे. उत्तरेकडून आलेले व्यापारी भाताला हात लावत नसत; त्यांची वाफवलेली कणकेची उंडी वेगळीच. राखेत आणि चुन्यात मुरवून काळी पडलेली अंडी पाहिली त्या दिवशी मला भातही गेला नाही.

आमचा माल होता पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखातल्या एका व्यापाऱ्याकडे. पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा. एका सकाळी त्याच्या दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर मी गाठोड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि आतली भरड लड ओढून बाहेर काढली. व्यापाऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दुपारी त्याचं आम्हाला जेवणाचं बोलावणं आलं.

"मी येत नाही," मी म्हणालो.

शेट म्हणाला, "नाही म्हटलंस तर तो समजेल, मालावर नाही, माणसावर संशय आहे."

"तो आहेच."

"मग तो पोटात ठेव आणि जेव. नाहीतर उद्यापासून या बंदरात तुला कुणी गाठोडं उघडून दाखवणार नाही."

दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही बसलो. मी, शेट, व्यापारी आणि त्याची दोन माणसं. दार ओढून घेतलं होतं. माझ्यापुढं एक वाडगं आलं. त्यात पांढऱ्या, लुसलुशीत वड्या होत्या, वर तांबूस रस्सा. मला वाटलं खरवस.

"दूध गाईचं का म्हशीचं?" मी शेटला विचारलं. त्याला त्यांची मोडकीतोडकी भाषा येत होती.

त्यानं विचारून सांगितलं, "दूध नाही. डाळ वाटून केलंय. मांसही नाही, मी विचारून घेतलं."

त्यांच्यासारखं दोन काड्यांनी खाणं मला जमेना, म्हणून त्यांनी चमचा दिला. पहिला घास सपक लागला. दुसऱ्या घासाला ओठांना मुंग्या आल्या. तिसऱ्याला जिभेचा शेंडा नाहीसाच झाला. मी पाणी प्यायलो तर पाणी खारट लागलं. व्यापारी माझ्याकडंच बघत होता.

विष. दुसरं काही मनातच आलं नाही. चारचौघांत त्याची अब्रू काढून मी आता त्याच्याच बंद खोलीत बसलो होतो. इथं मेलो तर मला जाळणार कोण, घरी निरोप किती महिन्यांनी पोचणार, असलं काहीबाही सुचत होतं. मी वाडगं खाली ठेवलं.

"जीभ बधिर झाली," मी शेटला म्हणालो. माझाच आवाज मला जाड वाटला. शेटनं अजून आपल्या वाडग्याला हात लावला नव्हता. त्याचा चेहरा उतरला. त्यानंही हात आखडला.

व्यापारी उठला. माझ्याजवळ येऊन बसला, माझं वाडगं उचललं आणि माझ्याच चमच्यानं चार घास खाल्ले. सावकाश. मग फडताळातली एक पुरचुंडी सोडून त्यानं माझ्या तळहातावर काहीतरी ओतलं. तपकिरी, तोंड उघडलेली लहान लहान फळं. मी नाकाशी नेली. माझं आजोळ कोकणातलं. बांगड्याच्या आमटीत तिथं हेच घालतात, जिभेला मुंग्या आणणारं. तिरफळ. थोडं वेगळं, पण तिरफळच.

विष नव्हतं. व्यापाऱ्यानं वाडगं पुढं केलं, अर्धं उरलेलं. त्याचं उष्टं. मी ते संपवलं.

जेवणानंतर त्यानं सगळी गाठोडी स्वतः उलगडून माझ्यापुढं पसरली. आतल्या भरड मालाचं त्याला ठाऊक होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मी रेशीम निवडलं आणि आम्ही परतलो.

पुण्यात पोचलो तेव्हा भावाच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. त्या वाडग्याचं मी भावाला सगळं सांगितलं. जातीचे पंच यायच्या दिवशी भाऊ हळूच म्हणाला, "समुद्राचं प्रायश्चित्त आहे. वाडग्याचं बोलू नकोस."

पंचांतले सगळ्यांत वडील म्हणाले, "बोला. वर्षभर वारा खाऊन राहिलात, असं तर सांगणार नाही ना?"

मी खोटं बोलायचं ठरवून बसलो होतो. पण त्यांनी सरळच विचारलं, "कुणाचं उष्टं खाल्लंत का?" आणि मी हो म्हणालो. त्या माणसानं माझी भीती घालवायला माझ्या वाडग्यातलं खाल्लं होतं. ते नाकारणं मला जमलं नाही.

पंचगव्य घेतलं, जातीला जेवण घातलं. त्या पंगतीला भाऊ आला नाही. मुलीचं लग्न वर्षभर लांबलं, पण झालं. त्यानंतरही भाऊ दुपारी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, माझ्याकडं पाठ करून जेवायचा. कामाचं बोलायचा, बाकी नाही.

असेच कितीतरी दिवस गेले. एकदा भाकरी मोडताना, मागं वळून न बघता त्यानं विचारलं, "घास खाली ठेवून उठला असतास तर?"

"तर रेशीम मिळालं नसतं."

"रेशमाचं नाही विचारत मी."

"त्या व्यापाऱ्याच्या तोंडाकडं बघून माझ्यानं उठवलं नसतं, दादा."

त्यानं भाकरी संपवली, हात धुतले आणि पिळाला लावलेली लड पुन्हा हातात घेतली.