डिकीतला रुपया

त्या दिवशी गाडीपाशी आम्ही सहा जण होतो. मी, माझा मुलगा मंजू, सून शोभा, तिचं सहा महिन्यांचं पिल्लू, शोभाचा भाऊ किरण आणि शेजारची गौरम्मा. सहाच्या सहा जिवंत आहेत. हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही निवांत वाचाल. आम्हाला तेवढी सवड मिळाली नव्हती!

खंडेनवमी होती. बेंगळुरात तिला आयुधपूजा म्हणतात. जयनगरात सगळी गल्ली गाड्या धुऊन, केळीचे खुंट बांधून उभी. आमची गाडी जुनीच, पण आमच्या घराण्यातली पहिली. मी चाळीस वर्षं डोक्यावर फुलांची पाटी घेऊन ह्याच गल्लीतून चाललेली बाई. आता गाडीत बसायचं तर गप बसावं ना? पण मंजूला गाणं हवं. तेही छातीत धडधडणारं!

किरण सर्जापूर रोडला कंप्युटरच्या हाफिसात आहे. त्यानं डिकीत दोन मोठे भोंगे बसवले. सबवूफर म्हणे. पातेल्याएवढं एकेक तोंड! त्यांना जोर द्यायला एक चपटी पेटी, ती अँप्लिफायर. तिची लाल वायर थेट पुढच्या बॅटरीपर्यंत. काळी वायर तिथंच डिकीत, रंग खरवडून पत्र्याला आवळलेली.

मी विचारलं, "फ्यूज कुठाय?"

"आई, आज दुकानं बंद. उद्या लावू," मंजू म्हणाला. "आज नुसता आवाज ऐकू."

"मग आवाज पण उद्या ऐक."

"तुला काय कळतं ग त्यातलं?"

मला कळतं. आमच्या जुन्या खोलीत फ्यूज उडाला की आमचे हे जाड तार बसवायचे. "आता बघ कसा उडतो!" एका रात्री खरंच उडाला नाही. फ्यूज शाबूत राहिला, छप्पर जळून गेलं. लहानग्या मंजूला गोधडीत गुंडाळून मी बाहेर पळाले होते. म्हणून त्या दिवशी गाडीपुढं पाय पसरून बसले. "फ्यूजशिवाय गाडी चालू करायची, तर माझ्यावरून न्या."

किरण गेला. कुणाच्या घरून काय की, फ्यूज घेऊन आला. बॅटरीपासून वीतभर अंतरावर लाल वायरीत बसवला. "मावशी, सरी ना आता? बरोबर?"

"सरी," म्हटलं आणि उठले. (मोठेपणा वाटला थोडा. तिथंच घात झाला.)

काम होईस्तोवर बॅटरीची एक वायर काढून ठेवली होती. तेवढ्यात मी पूजा उरकली. स्टिअरिंगला कुंकू, चाकांना हळद, टायरखाली लिंबं. गौरम्मानं कोहळा फोडला. मग वाटलं, डिकीतली पेटी नवी, तिला उपाशी ठेवायची? पेटीवर दोन पितळी स्क्रू शेजारी शेजारी. एकाला लाल वायर, एकाला काळी. मध्ये रुपया टेकेल एवढीच जागा. देवानंच ठेवली म्हटलं! ओल्या हळदीनं रुपया चिकटवला, वर शेवंतीचं फूल ठेवलं.

शोभा पिल्लाला घेऊन मागं बसली. किरण पुढं. मंजू बॉनेटपाशी. मी डिकीपाशी, आरती घेऊन.

"भावोजी, लावा वायर!" किरण ओरडला.

फट्ट! डिकीत वीज चमकली. शेवंती उडून माझ्या पदरावर आली, धूर निघाला, जळका वास सुटला.

"पिल्लू! पिल्लाला काढा!" शोभा दार ओढतेय, दार उघडेना. मुलांसाठीचं कुलूप लावलेलं, आतून उघडतच नाही!

"अक्का, दार!" गौरम्मा किंचाळली.

आरती टाकून मी धावले. पाय पडला कोहळ्यावर. डिकीपासून दारापर्यंत मी घसरतच आले! (चालत आले असते तर उशीर झाला असता.) हँडलला लोंबकळले, दार उघडलं, पिल्लू ओढून घेतलं. ते खदाखदा हसत होतं. माझी छाती मात्र भोंग्याशिवायच धडधडत होती.

मंजूनं तोवर वायर काढली होती. किरण बॉनेटमध्ये वाकला. "भावोजी, फ्यूज उडालाय. म्हणून वाचलो. नाहीतर ही वायर पिल्लाच्या सीटखाली पेटली असती."

मंजू माझ्या पाया पडला. "आई, तुझ्यामुळं वाचलं ग पिल्लू."

मी आशीर्वादाला हात उचलला, तेवढ्यात डिकीपाशी गेलेला किरण म्हणाला, "पण हा रुपया इथं कुणी ठेवला?"

काळा ठिक्कर पडलेला रुपया, दोन्ही स्क्रूंना टेकलेला. कडेला माझी हळद.

गौरम्माच म्हणाली, "अक्का, दक्षिणा स्वल्प जास्तच लागू पडली की!"

फ्यूज लावायला लावला मी. उडवला पण मीच. पाया पडलेला मुलगा वर कधी उठला, ते बघायला मी मान वर केली नाही.

तर वाचणाऱ्यांनो, एवढंच ऐका. फ्यूज बॅटरीजवळ लावा, नंतर लावू म्हणू नका. आणि घरात पूजेला म्हातारी असेल, तर तिच्या हातात फुलं द्या, सुट्टे देऊ नका.