झोपलेल्या पेशी आणि माझी कंबर

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपून बरीच वर्षं झाल्यावर मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आता सुटले ना मी?"

त्या खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, "गाठ काढायच्या आधीच काही पेशी निसटून हाडांच्या मगजात जाऊन बसलेल्या असू शकतात. तिथं त्या नुसत्या झोपून राहतात. वाढत नाहीत, म्हणून केमोच्या तडाख्यातूनही वाचतात. कधीकधी बऱ्याच वर्षांनी जाग्या होतात, पुष्कळदा होतच नाहीत. रोजची हार्मोनची गोळी तेवढी चुकवू नका."

यातलं 'जाग्या होतात' एवढंच घेऊन मी तळेगावला परतले. घरात पाय हळू टाकायला लागले. टीव्हीचा आवाज कमी केला. नवऱ्यानं विचारलं, "कोण झोपलंय?" सांगायची लाज वाटली.

पावसाळ्यात कंबर दुखायला लागली आणि थांबेचना. मी मनातल्या मनात निकाल लावून टाकला. धाकटी जाऊ गावाकडे असते. तिला बोलावून माझी पैठणी तिच्या हातात ठेवली. "मला आता काय करायचीय?" आवाज मुद्दाम जरा खोल काढला.

"आसं वंगाळ बोलू नका, आक्का," म्हणत ती रडली, आणि रडत रडतच साडी पिशवीत घातली.

पुण्यात हाडांचा स्कॅन झाला. यंत्राखाली पडून मी माझ्या शोकसभेतली भाषणं ऐकत होते. नवऱ्याचं फारच आटोपशीर झालं.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. "हाडांत काही दिसत नाही. मध्यंतरी कष्टाचं काम केलं होतं?"

"छे!"

"गावी भात लावायला उतरली होती," नवरा म्हणाला. "फोटोसाठी."

मी जमिनीकडे बघत विचारलं, "म्हणजे त्या पेशी नाहीतच?"

"झोपलेल्या असतील तर स्कॅनमध्ये दिसत नाहीत. आहेत की नाहीत, मलाही सांगता येणार नाही."

पैठणी परत मागायचं धाडस झालं नाही. जावेनं ती एका लग्नात नेसली. तिला जास्त शोभली, याचा राग कंबरदुखीपेक्षा जास्त दिवस टिकला.

पुढच्या रविवारी नवऱ्यानं गाडी खंडाळ्याकडे काढली. धुक्यात दरी दिसत नव्हती. गाडीतच कणसं खात बसलो.

"अजून भीती वाटते?" त्यानं विचारलं.

"वाटते."

"मलाही," तो कणसाकडे बघत म्हणाला.

इतकी वर्षं घरातली एकमेव घाबरट मीच, अशी माझी ठाम समजूत होती.